गाळावर वसलेली वस्ती : नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीचा इतिहास

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात परिसंस्थेच्या प्रकरणात तळ्याचे एक चित्र हमखास असते. काठावर बगळा, पाण्यात मासा, तळाशी शिंपला, कोपऱ्यात चार पाणकणसे आणि वर हसरा सूर्य. बाणांनी कोण कोणाला खातो ते दाखवलेले असते. चित्र चुकीचे नाही. पण त्यात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे तारीख. हे तळे कधीपासून आहे, कोणी केले, पन्नास वर्षांपूर्वी ते कसे होते, हे चित्र सांगत नाही. त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की परिसंस्था म्हणजे सृष्टीच्या आरंभापासून जशीच्या तशी चालत आलेली एक घडी. माणूस आला की ती विस्कटते, नाही आला की टिकते.

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांना ही समजूत तपासून पाहण्याची चांगली सोय आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कडवा या नद्यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते आज नकाशावर आले आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात. आणि या पाणथळीची जन्मतारीख सरकारी कागदांत आहे.

ती समजण्यासाठी आधी पावसाचा हिशेब पाहावा लागेल. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघाले की तो झपाट्याने कमी होत जातो आणि निफाड, सिन्नर, येवल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. सह्याद्रीने ढग अडवून रिकामे केल्यावर उरेल तेवढे पठाराला मिळते. हाच तो पर्जन्यछायेचा प्रदेश. नकाशावर जेमतेम वीतभर अंतर, पण एका टोकाला भाताची खाचरे आणि दुसऱ्या टोकाला बाजरी. नदी मात्र दोन्हीकडून वाहते. पावसाळ्यात दुथडी भरून जायची आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची, ही पठारावरच्या गोदावरीची जुनी रीत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी दख्खनचे कंबरडे मोडले. त्यानंतर कॉलिन स्कॉट-माँक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ ते १९०३ या काळात भारतीय सिंचन आयोग बसला. दख्खनसारख्या अवर्षणप्रवण भागात कालवे केवळ सरकारी उत्पन्नासाठी नव्हेत तर दुष्काळापासून संरक्षण म्हणूनही काढावेत, हा विचार त्यातून बळावला. गोदावरी कालव्यांची योजना याच काळातली. १९०७ ते १९१३ या वर्षांत नांदूरमध्यमेश्वरला दगडी बंधारा उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी डावा आणि उजवा असे कालवे निघाले आणि कोपरगाव-राहात्याकडच्या (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) जमिनींपर्यंत पाणी गेले. १९१६ च्या सुमारास वर इगतपुरी तालुक्यात दारणा धरण पूर्ण झाले. योजना अशी की पावसाळ्याचे पाणी दारणेत साठवायचे, लागेल तसे नदीतून सोडायचे, आणि नांदूरच्या बंधाऱ्यावर उचलून पाटात घालायचे. साठा वर, उचल खाली.

म्हणजे नांदूरचा बंधारा हे मुळात धरण नव्हतेच. पाण्याची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलून धरणारा तो एक उंबरठा होता. या एका गोष्टीवर पुढचे सारे अवलंबून आहे. उंबरठा बुटका, त्यामागची जमीन सपाट, म्हणून पाणी खोल न होता पसरट झाले. शिवाय दोन नद्या एकाच ठिकाणी येऊन थबकल्या. वाहत्या पाण्याचा वेग मंदावला की त्याच्या अंगात गाळ वाहून नेण्याचे बळ उरत नाही. आधी रेती बसते, मग बारीक माती. सह्याद्रीच्या उतारावरची आणि वाटेतल्या शेतांची काळी माती वर्षानुवर्षे बंधाऱ्यामागे बसत गेली. गाळाचे उंचवटे झाले, उंचवट्यांची बेटे झाली, त्यावर लव्हाळा आणि पाणकणीस आले, काठाने बाभळी आल्या.

अभियंत्याच्या वहीत या सगळ्याची नोंद ‘क्षमतेत घट’ अशीच होते, आणि त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. पण जीवशास्त्राच्या बाजूने पाहिले तर घट झाली त्याच जागेत वस्ती झाली.

गाळाचे महत्त्व मुलांना समजावून सांगताना आम्हाला पंगतीची उपमा सोयीची वाटते. खोल जलाशयात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तळाशी वनस्पती उगवत नाहीत. पंगत फक्त वरच्या थरात बसते. उथळ पाण्यात प्रकाश थेट चिखलापर्यंत जातो. तिथे शेवाळी आणि पाणवनस्पती माजतात, त्यांच्यावर पाणपिसवा, गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या पोसल्या जातात, त्यांच्यावर मासे आणि बेडूक. मेलेले सारे चिखलात जाते आणि तिथले जिवाणू त्याचे पुन्हा खत करतात. पुस्तकातले उत्पादक, भक्षक आणि विघटक ते हेच.

आता पंगतीत कोण कुठे बसतो ते पाहावे. नुसत्या ओल्या चिखलात छोटे तुतारीसारखे पक्षी चोच खुपसत फिरतात. वीतभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या. त्याहून थोड्या खोलात चमचा आपली चपटी चोच पाण्यात अर्धवर्तुळाकार फिरवत पुढे जातो. रोहित डोके उलटे करून चोचीच्या चाळणीतून पाणी गाळतो. थापट्या बदक पृष्ठभागावरचे गाळून घेते. तलवार बदक शेपूट वर करून मान तळाशी नेते. मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, आणि तिचा उपयोग गोगलगायी पकडून हाताळण्यासाठी होतो, असे मानतात. राखी बगळा तासन्‌तास उभा राहतो आणि एका झडपेत मासा उचलतो. कमळपक्षी लांब बोटांवर भार वाटून पानांवरूनच चालतो, त्याला पाण्यात उतरण्याचे कारणच पडत नाही. हात-दोन हात पाण्याच्या फरकात इतक्या जाती शेजारी शेजारी जेवतात आणि सहसा भांडत नाहीत, कारण प्रत्येकाचे पान वेगळे मांडलेले आहे. चोच आणि पाय पाहून पक्षी काय खात असेल याचा अंदाज बांधायला सांगितले, तर सातवीची मुलेही फारशी चुकत नाहीत. जैवविविधतेची व्याख्या पाठ करून घेण्याआधी हा खेळ जरूर करावा.

पंगत कितीही मोठी असली तरी वाढप बेताचे असते. हे मोजून दाखवण्याचे श्रेय रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाला जाते. मिनेसोटातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्यात त्याने काही वर्षे शेवाळापासून माशांपर्यंत सगळ्यांचा ऊर्जेचा हिशेब मांडला. एका पायरीवरून वरच्या पायरीवर ऊर्जेचा थोडाच भाग पोचतो, हे त्यातून दिसले. आज आपण सोयीसाठी दहा टक्के म्हणतो; प्रत्यक्षात हा आकडा कमीजास्त असतो. म्हणूनच शेकडो बदकांमागे भोवत्या ससाणे दोन-चारच दिसतात. लिंडेमनचा निबंध १९४२ साली छापून आला, पण तो पाहायला लेखक हयात नव्हता. त्याच वर्षी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला होता.

‘इकोसिस्टिम’ हा शब्द त्याआधी सात वर्षे, १९३५ मध्ये, आर्थर टॅन्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने छापील स्वरूपात आणला. शब्द सुचवला होता आर्थर रॉय क्लॅपहॅम या त्याच्या तरुण सहकाऱ्याने. टॅन्सलेचा तो निबंध खरे तर वादाच्या भरात लिहिलेला आहे. फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि त्याचे अनुयायी वनस्पतींच्या समूहाला एक मोठा सजीवच मानत. तो जन्मतो, वाढतो, आणि ठरलेल्या परिपक्व अवस्थेला पोचतो, असे ते म्हणत. टॅन्सलेला हे पटेना. जीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा यांची मिळून एक व्यवस्था होते, एवढेच आपण म्हणू शकतो, असे त्याचे म्हणणे. आणि याच निबंधात त्याने माणसाला व्यवस्थेच्या बाहेर ठेवायला नकार दिला. माणसाच्या हातून घडलेल्या परिसंस्थाही परिसंस्थाच. त्यांचा अभ्यास टाळला तर शास्त्र लंगडे पडेल, असा त्याचा रोख होता. नांदूरचा बंधारा तेव्हा वीस-बावीस वर्षांचा झाला होता. टॅन्सलेने त्याचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही, पण त्याच्या मुद्द्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पुढच्या काळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वातंत्र्यानंतर नाशिकच्या वर गोदावरीवर गंगापूर धरण झाले, कडवेवर पालखेड झाले, कालव्यांखालचे क्षेत्र वाढत गेले. निफाड आधी गहू-उसाचा आणि मग द्राक्षांचा तालुका झाला. पक्षी येत होते. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीच्या लोकांना ते नवे नव्हते. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे नेहमी सांगितले जाते. २५ फेब्रुवारी १९८६ रोजी शासनाने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केले. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली आणि तिच्या निमित्ताने ‘बायोडायव्हर्सिटी’ हा जोडशब्द जगभर झाला. तोवर हा शब्द बहुतेकांना ठाऊकच नव्हता. आपली ‘जैवविविधता’ त्याचीच मराठी.

भरतपूरची तुलना आपण अभिमानाने करतो, पण ती पुरती समजून घ्यायला हवी. राजस्थानातले भरतपूरचे तळेही माणसानेच केलेले. अठराव्या शतकात तिथे अजान बांध बांधला गेला, आणि पुढे संस्थानिकांनी पाणी खेळवून बदकांच्या शिकारीसाठी ती जागा राखली. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तिथल्या दगडी फलकावर कोरलेली आहे. पुढे त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८२ मध्ये तिथे गुरे चारायला बंदी घालण्यात आली. आजूबाजूच्या गावांची शेकडो म्हशी तिथे चरत असत. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदीला सलीम अलींसह अनेक जाणत्यांचा पाठिंबा होता. म्हशी गेल्या की पक्षी वाढतील, असे तेव्हाचे गणित होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या दशकात तिथे जो दीर्घ अभ्यास केला, त्यात उलटे दिसले. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांना जागा उरेना. म्हैस त्या व्यवस्थेचा भाग होऊन बसली होती, आणि ते तिला काढून टाकल्यावर कळले.

विज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग फार मोलाचा आहे असे आम्ही मानतो. एका संस्थेने आपल्याच क्षेत्रातल्या सर्वमान्य मताविरुद्ध जाणारे निष्कर्ष मोजून मांडले आणि प्रसिद्ध केले. गेलेल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता, हेही खरे.

नांदूरमध्यमेश्वरला असा प्रश्न गाळाच्या रूपाने उभा आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले तेव्हा वरच्या अंगाच्या सायखेडा आणि चांदोरी या गावांत पाणी शिरले, बाजारपेठा बुडाल्या. बंधाऱ्यामागे गाळ साठला म्हणून पाणी तुंबते; गाळ काढा, दरवाजे वाढवा, अशी या भागातली मागणी आहे. ज्याच्या घरात कमरेएवढे पाणी आले, त्याला शेकाट्याची चोच दाखवून उत्तर देता येणार नाही. उलट बाजूने, बंधाऱ्यामागची सारी जागा सरसकट खरवडून खोल केली तर वर वर्णन केलेली पंगत उठेल. खोल पाण्यात पाणकावळे आणि काही पाणबुडी बदके राहतील, पण चिखलावरचे पक्षी जातील. यात तिसरीही गोष्ट आहे. काहीच केले नाही तरी पाणथळ अशीच राहणार नाही. उथळ पाण्यात पाणकणीस वाढते, ते कुजून तळ वर येतो, मग तिथे गवत, मग बेशरम, मग बाभूळ. शास्त्रात याला अनुक्रमण म्हणतात. तळे हळूहळू जमीन होते. मधूनच येणारा मोठा पूर बेटे फोडतो, वनस्पती उपटून नेतो आणि घड्याळाचे काटे थोडे मागे फिरवतो. जो पूर गावाला बुडवतो तोच पाणथळीला तरुण ठेवतो, ही इथली खरी अडचण आहे. कुठला गाळ काढायचा, किती, कोणत्या महिन्यात आणि कोणती बेटे राखायची, याचा हिशेब जलसंपदा खाते, वनखाते आणि गावे यांना एकत्र बसूनच करावा लागेल. वर्गात या विषयावर दोन गट पाडून चर्चा घेता येईल. मात्र कोणत्याही गटाला आधीच खलनायक ठरवू नये.

पाण्याच्या पातळीचेही तसेच. ती इथे पाऊस ठरवत नाही, आवर्तन ठरवते. कालव्याला पाणी सुटले, किंवा खाली जायकवाडीसाठी सोडले, की काही दिवसांत काठ उघडा पडतो. चिखलपक्ष्यांची चंगळ होते, पण तरंगते घरटे बांधणाऱ्यांचे हाल होतात. शेतकरी, जायकवाडीखालची शहरे आणि पक्षी यांचे पाणी एकाच दरवाजातून जाते.

आणखी एक पाहुणा इथे न बोलावता आला आहे. जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर जांभळ्या फुलांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणली गेली आणि बंगालच्या नद्यांपासून देशभर पसरली. तिला लागते साचलेले पाणी आणि भरपूर नायट्रोजन-फॉस्फरस. वर नाशिकसारखे वाढते शहर आणि दोन्ही काठांना खते घातलेली शेती असल्यावर दोन्ही गोष्टींची ददात नाही. ती पाण्यावर छत धरते, खाली प्रकाश जात नाही, शेवाळे मरतात, आणि कुजणाऱ्या भाराबरोबर पाण्यातला प्राणवायू संपत जातो. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावर खुशाल फिरतात, हे मात्र सांगायला हवे. परके झाड प्रत्येकालाच वाईट असते असे नाही. थोडी असली तर आडोसा होतो, सगळीकडे झाली तर दार बंद होते.

२१ जून २०१९ ही नांदूरमध्यमेश्वरची रामसर यादीतली तारीख आहे; घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारानुसार ही यादी होते, आणि त्या तारखेला जागतिक पाणथळ दिन पाळतात. यादीत गेलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या सातव्या हिश्श्याएवढे आहे. नोंदपत्रात ५३६ जातींचा उल्लेख आहे. त्यात उसात दडणारा बिबट्या आहे, चंदन आहे आणि दोन जातींची गिधाडेही आहेत. गिधाडांची हकिगत स्वतंत्र लेखाची आहे: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांना मारते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आणली.

त्याच यादीत एक मासा आहे, ज्याच्याकडे पक्षी पाहायला येणाऱ्यांचे लक्ष जात नाही. जेमतेम बोटाएवढा हा मासा १९३८ मध्ये सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी नाशिकजवळच्या देवळालीहून वर्णिला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून त्याला पॅरासायलोऱ्हिंकस प्रेटेराय हे नाव मिळाले. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याची शरीररचना पाहिली तर तो तळ्यातला जीव नाही हे लगेच कळते. त्याचे कुळ डोंगरी ओढ्यांतले, वेगवान स्वच्छ पाण्यात दगडाला धरून राहणारे. पाणकोंबडीला हवे ते सारे त्याला नको आहे: साचलेले पाणी, मऊ गाळ, दाट वनस्पती. ज्या बंधाऱ्यांनी आणि धरणांनी खाली निफाडात बदकांसाठी पसरट पाणी करून दिले, त्यांनीच वर दारणा-गोदावरीच्या वाहत्या पाण्याला जागोजाग थांबवले. त्याच्या जागा शोधायच्या तर दुर्बीण उपयोगाची नाही. देवळाली-इगतपुरीकडच्या ओढ्यांत, पावसाळा ओसरल्यावर, दगड उलटून पाहत फिरावे लागेल.